लुकची भावकी

इंग्रजी तुम्हाला कोणी शिकवलं, असं कोणी विचारलं की मी आष्टीच्या आमच्या गुरुजींचं ऋण सांगतो. ते खोटं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि मी बी.ए. झालो तो त्या माणसामुळे. पण हे उत्तर अर्धं आहे. उरलेलं अर्धं सांगायचं तर माझ्या चुलतभावाबद्दल बोलावं लागतं. तो मॅट्रिक होऊन रेल्वेत लागला आणि सुखाने संसार केला. मला मात्र त्याच्याबद्दल लिहायला आजही अवघड जातं, कारण लहानपणाची कितीतरी वर्षं मी त्याच्यावर जळत होतो.

तो माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठा. आम्ही तीन वर्षांचे असताना काका पटकीच्या साथीत गेले, तेव्हापासून काकू आणि तो आमच्याबरोबरच होते. माझ्या वडिलांना आम्ही दोघंही अण्णा म्हणायचो. अण्णा जेवायला बसले की दुधावरची साय बोटाने ओढून आधी त्याच्या वाटीत घालायचे, मग उरली तर माझ्या. आई एकदा म्हणाली, "दोघंबी तुमचीच हायेत की." अण्णा म्हणाले, "याला बाप हाये. त्याला न्हाई." हे बोलणं मी ऐकलं आणि मला पटलंही. पटूनही माझी नजर दरवेळी त्याच्या वाटीकडे जायची.

शाळेतही तेच. माझं वाचन चांगलं होतं, त्याचं अक्षर चांगलं होतं. गावातला कोणीही माणूस अक्षर बघून "वा" म्हणतो. वाचनाला वा म्हणायला आधी ऐकत बसावं लागतं.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गुरुजी स्वतः उर्दूतून शिकलेले, आता आम्हाला मराठीतून इंग्रजी शिकवायचे. शाळेत इंग्रजी-मराठी शब्दकोश एकच आला होता. तो त्यांनी पिवळ्या फडक्यात बांधून ठेवला होता आणि पोथीचा नियम त्याला लावला होता. गावात मारुतीच्या देवळात श्रावणात पोथी लागते तेव्हा पोथीला हात लावणारा एकच असतो. तो वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि तो वाचतो ते खरं की खोटं हे कोणी पोथीत डोकावून बघत नाही. आमच्या देवळात ते वाचन अण्णांकडे होतं. शाळेत कोश वाचायचं काम गुरुजींनी मला दिलं. "बापाचा आवाज हाये तुला," ते म्हणाले. मी वाचायचो आणि चुलतभाऊ लिहून घ्यायचा. आमची वही कचेरीतून रद्दीत निघालेल्या उर्दू छापील कागदांची होती. कोऱ्या बाजूवर तो टाकाने लिहायचा, आणि पान उजेडात धरलं की मागची उर्दू अक्षरं त्याच्या इंग्रजीतून आरपार दिसायची. दोघांत ती एकच वही होती.

एका शब्दासारखे जे दुसरे शब्द, त्यांना गुरुजी भावकी म्हणायचे. "भावकी म्हणजे काय? आडनाव एक, पण एकाच्या जागी दुसरा बसला की भांडण." लुक म्हणजे बघणे, हा घरचा कर्ता. मग त्याची भावकी. वॉच म्हणजे जोंधळ्यात पाखरं राखणारा बघतो तसं. पीप म्हणजे नवरी बघायला पाहुणे आले की पोरी दाराआडून बघतात तसं. बिहोल्ड म्हणजे गाभाऱ्यात गेल्यावर. ग्लेअर म्हणजे, ते म्हणायचे, "तुमच्याकडं मी बघतो तसं." सगळा वर्ग हसायचा.

सातवीच्या वर्षी होळीला जालन्याहून आत्या आली. पुढची शाळा जालन्यालाच होती. अण्णांनी विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "दादा, दोन खोल्यांत आम्ही सात माणसं हाओत. एक पोरगं धाड. दोन धाडू नको."

अण्णांनी दोन दिवस जाऊ दिले. मग त्यांनी गुरुजींना पाणवठ्याच्या वाटेवर गाठलं. मी बैलांना पाणी दाखवून येत होतो, तिथेच उभा राहिलो.

"दोघांतला एकच जाईल, गुरुजी. दुसरा माझ्यासंगं रानात. कोण ते तुम्ही ठरवा."

"मी कसा ठरवू? पोरं तुमची."

"म्हणून तर. म्या ठरवलं तर एका बाजूनं लोक म्हणतील पोटचा धाडला, दुसऱ्या बाजूनं बायको म्हणंल पोटचा ठेवला. तुम्ही माझ्यासमोर विचारा. जो बराबर सांगंल तो जाईल."

परीक्षा झाल्या, वर्ग सुटला. गुरुजींनी आम्हा दोघांना दुपारी शाळेत बोलावलं आणि कोश काढून दिला. "परवा घरी येतो. लुकची भावकी विचारणार. वर्गात झाली ती पाच-सहा घरं, अजून लांबची राहिलीत. तू वाच, तू लिही." एवढं सांगून ते स्वतःचा स्वयंपाक करायला मागच्या खोलीत गेले. चुलीचा धूर शाळेच्या ओसरीवर येत होता.

मी पान काढलं. त्याने दौतीत टाक बुडवला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात काही नव्हतं, तो फक्त पुढच्या शब्दाची वाट बघत होता. मी कोशात बघितलं. ग्लान्सपुढे लिहिलं होतं, ओझरती नजर टाकणे. स्टेअरपुढे, टक लावून बघणे. मला वाटलं, हा जाणार. अक्षरावर जाणार, बाप नाही म्हणून जाणार. मी तोंडातल्या तोंडात नव्हे, चांगल्या मोठ्या आवाजात वाचलं, "ग्लान्स. टक लावून बघणे. स्टेअर. ओझरती नजर टाकणे."

त्याने लिहिलं. त्याचं अक्षर नेहमीसारखंच गोल आणि सरळ होतं.

"अजून?" त्याने विचारलं.

"गेझ. भान हरपून बघत राहणे." हे मी बरोबर वाचलं. बाकीचं सगळं बरोबर वाचलं. दोन पुरे होते.

ठरल्या दिवशी गुरुजी आले. ओसरीवर घोंगडी अंथरली होती. आई आणि काकू चौकटीशी उभ्या राहिल्या. काकूने सकाळीच त्याच्या डोक्याला तेल लावलं होतं, आणि माझ्याही. गुरुजी बसले आणि अण्णांना म्हणाले, "तुम्हाला इंग्रजी कळणार न्हाई. म्हणून पोरं तोंडानं सांगणार न्हाईत, डोळ्यानं करून दाखवतील. तुम्ही बघा."

हे मला ठाऊक नव्हतं. अण्णांना मात्र फार आवडलं. ते सरसावून बसले.

आधी माझी पाळी. वॉच म्हटलं तसा मी उजवा हात कपाळावर धरून रान राखल्यासारखं बघितलं. पीप म्हटलं तसा खांबाआड गेलो. काकू हसली. ग्लान्स, स्टेअर, मी सगळं बरोबर केलं. ग्लेअर म्हटल्यावर मी समोरच्या वासराकडे डोळे वटारले, आणि अण्णा म्हणाले, "त्यानं काय केलंय रं बिचाऱ्यानं?"

मग त्याची पाळी. वॉच, पीप, बिहोल्ड, सगळं ठीक. बिहोल्डला तर त्याने असे हात जोडले की आईनेही नकळत जोडले. मग गुरुजी म्हणाले, "ग्लान्स." त्याने अण्णांच्या तोंडावर नजर लावली आणि हलवलीच नाही. पापणीही नाही. अण्णा आधी हसले, मग अवघडले.

"आरं, असा काय बघून राह्यला? मला खातो का?"

सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत. ते म्हणाले, "स्टेअर." त्याने अण्णांकडे उडती नजर टाकली आणि लगेच मान फिरवली, सासऱ्यापुढून जाणाऱ्या सुनेसारखी.

मला भीती वाटली नाही. आपण जिंकलो, एवढंच वाटलं.

"कुठं लिहिलंय असं?" गुरुजींनी त्याला विचारलं.

"वहीत."

"आण."

त्याने वही आणली. गुरुजींनी पान बघितलं. मग आपल्या पिशवीतून ते पिवळं फडकं काढलं, सोडलं, कोश माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "ग्लान्स काढ. वाच."

मी वाचलं. आता दुसरं काही वाचता येत नव्हतं, कारण ते माझ्या खांद्यावरून बघत होते.

"स्टेअर."

तेही वाचलं.

"त्या दिवशी वाचलं तेव्हाबी हेच वाचलं होतंस?"

मी कोश मिटला. चुलतभाऊ वहीकडे बघत होता. आईने पदर तोंडाला लावला. गुरुजींनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. अण्णांना इंग्रजी कळत नव्हतं, पण पोथी कळत होती.

"पोथी खोटी वाचली?" ते म्हणाले. मोठ्याने नव्हे, माझ्याशीही नव्हे, जणू स्वतःलाच विचारावं तसं. मग उठून गोठ्याकडे गेले. मी मार खायला तयार होतो. मार मिळाला नाही.

जूनमध्ये तो गेला. अण्णा स्वतः त्याला बैलगाडीतून परतूर स्टेशनला सोडायला गेले. आम्हा दोघांना एकाच ताग्यातले सदरे शिवले होते. तो आपला सदरा घालून गाडीत बसला आणि मी तसाच सदरा घालून दारात उभा राहिलो. काकू रडत होती. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिला काय झालं ते सगळं माहीत होतं, तरी फिरवला. तो हात मला झटकावासा वाटला.

मी रानात जाऊ लागलो. अण्णा मला कामापुरतं बोलायचे. श्रावणात देवळात पोथी लागली तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदाच शेजारी बसवलं नाही, मागे बसवलं. शाळेत कोश वाचायला दुसरं पोरगं लागलं होतं. त्याचा आवाज फाटका होता. मी शाळेवरून जाताना तो आवाज ऐकू यायचा आणि मी पाय उचलून चालायचो.

मग एका बाजाराच्या दिवशी जालन्याचा कासार आमच्या घरी आला. दर आठवड्याला तो बांगड्यांची पेटी घेऊन आष्टीच्या बाजाराला यायचा. काकूच्या हातात त्याने एक वही दिली. "तुमच्या पोरानं दिलीया. म्हणला, घरच्याला द्या." घरचा म्हणजे मी.

वहीत त्या महिन्याचं सगळं इंग्रजी होतं. धडे, शब्द, अर्थ. चिठ्ठी नव्हती. वहीला लाखेचा वास येत होता.

मी ती वही दोन दिवस उघडली नाही. हा मला दाखवतोय, असं वाटत होतं. बघ मी काय शिकतोय आणि तू काय करतोस. तिसऱ्या दिवशी उघडली, आणि लगेच दुसरा विचार आला. हा असं फुकट कशाला लिहून पाठवेल? मी याच्याशी जे केलं, ते याला आता करता येतंय. लिहिणारा हा, वाचणारा मी, आणि कोश माझ्याजवळ नाही. त्याच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हे मला चांगलं माहीत होतं.

संध्याकाळी रानातून आल्यावर मी गुरुजींच्या दारात जाऊन उभा राहिलो. सहा महिन्यांत पहिल्यांदाच.

"काय रे?"

"कोश बघायचाय."

त्यांनी काही न विचारता फडकं सोडलं. मी वही उघडून एकेक शब्द कोशाशी लावून बघू लागलो. ते भाकरी थापत होते.

"काय करून राह्यला?"

"तपासून राह्यलो."

"कोणाला?"

"वहीला."

त्यांनी पिठाचे हात पुसले. मग कोनाड्यातून एक लाल पेन्सिल काढून माझ्यापुढे टाकली. "मंग बराबर तपास. चूक असंल तिथं खूण कर. आन् ज्याला भावकी असंल त्याची भावकीबी बघ. चूक तिथंच लपती."

मी रोज जाऊ लागलो. कापसाच्या दिवसांत बोटं बोंडांनी खरचटलेली असायची, पान उलटताना झोंबायची. एक शब्द तपासायला मला पाच शब्द बघावे लागायचे. त्याने होल्ड म्हणजे धरणे लिहिलेलं असलं, तर कीप, ग्रॅस्प, सीझ सगळे बघायचे, कारण कुठेतरी त्याने एकाच्या जागी दुसरा बसवला असेल. वाक्यात तो शब्द कसा येतो तेही बघायचं, कारण तिथेही खोट करता येते. शब्दकोशाची पानं मला तोंडपाठ होऊ लागली. हे शिकणं आहे, असं माझ्या मनातही आलं नाही. मी चोर धरायला बसलो होतो.

पहिली वही संपली. एकही लाल खूण झाली नाही. मी ती कासाराबरोबर परत पाठवली, दुसरी आली. तीही तशीच. तिसरी. माझा राग कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला. एक चूक सापडली असती तर आम्ही बरोबरीत आलो असतो. तो एकदा तरी वाईट वागला असता तर मला झोप लागली असती. इतक्या वह्या, इतकं गोल अक्षर, आणि एकाही अर्थात खोट नाही. मला ते सहन होत नव्हतं. गुरुजींची ती लाल पेन्सिल टोकदारच राहिली होती.

दिवाळीला आणि उन्हाळ्यात तो घरी यायचा. अण्णा त्याच्या वाटीत साय घालायचे. आम्ही बोलायचो ते बैलांबद्दल, आत्याच्या पोरांबद्दल. वहीचा विषय त्याने काढला नाही आणि मीही नाही.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी एक वही आली. निम्म्यापर्यंत नेहमीसारखंच होतं. मग एका पानावर, धड्याशी काही संबंध नसताना, वर लिहिलं होतं, लुक. खाली भावकी. वॉच, पीप, बिहोल्ड, गेझ. आणि मग, ग्लान्स, टक लावून बघणे. स्टेअर, ओझरती नजर टाकणे.

मला या दोन शब्दांसाठी कोश उघडायची गरज नव्हती. मी लाल पेन्सिल उचलली आणि दोन्हींवर अशा जोराने फुल्या मारल्या की टोक तुटलं. सापडला. शेवटी सापडला. गुरुजी बाहेर गेले होते. मी वही घेऊन घराकडे पळत सुटलो. अण्णांना दाखवायचं होतं. बघा, तुमचा तो, साय खाणारा, तोही खोटं लिहितो.

अण्णा गोठ्यात कडबा टाकत होते. मी धापा टाकत वही पुढे केली. "अण्णा, हे बघा, यानं..."

आणि तिथेच मला कळलं की मी काय दाखवतोय.

"काय केलं त्यानं?" अण्णांनी विचारलं.

"काही न्हाई," मी म्हणालो. "वही आलीया."

"मंग ठेव नीट. ओरडतो काय?"

मी गुरुजींकडे परत जाऊन त्या दोन शब्दांपुढे बरोबर अर्थ लिहिले. लाल पेन्सिलीने, तुटक्या टोकाने. अक्षर वेडंवाकडं आलं. ती वही मी कासाराबरोबर परत पाठवली नाही, घरी ठेवली.

दिवाळीला तो आला. दुपारी आम्ही दोघं विहिरीवर पोहायला गेलो. काठावर अंग वाळवत बसलो होतो.

"मागची वही आली न्हाई परत," तो म्हणाला.

"माझ्याजवळ हाये."

"तपासलीस?"

तो इतक्या सहज म्हणाला, जणू मी तपासतो हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. असणारच. परत गेलेल्या वह्यांच्या पानांवर माझ्या बोटांचे डाग असायचे, प्रत्येक शब्दाखाली.

"तपासली," मी म्हणालो.

"किती चुका?"

"दोन."

"दोनच?" त्याने ओल्या केसांतून हात फिरवला आणि हसला. "मंग त्या तुझ्याच हायेत. माझी एकबी न्हाई."

दीड वर्षात मी त्याच्याशी जे बोललो नव्हतो ते बोलायची हीच वेळ होती. मी कसंबसं म्हणालो, "तेव्हा म्या मुद्दाम..."

"ठाऊक हाये की. म्या अण्णाच्या तोंडाकडं घटकाभर टक लावून बसलो, ते काय विसरतो का मी? सगळं घर हसलं." मग तो उठून सदरा झटकू लागला. "आत्याला विचारलंय म्या. ती म्हणली, आता थोरली पोरगी सासरी गेली, एकाची जागा झालीया. गुरुजीबी म्हणले, तू एकदम नववीत बसशील. अण्णाला मीच सांगतो. तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

हे ऐकून मला आनंद झाला, हे खरं आहे. पण त्याच क्षणी मनात काय आलं तेही लिहितो. मला वाटलं, हेही यालाच जमलं. मी जे कबूल करायला दीड वर्ष घेतलं आणि तरी पुरं करू शकलो नाही, ते याने हसून संपवलं. माझं जालन्याला जाणंसुद्धा यानेच ठरवलं. त्या विहिरीच्या काठावर, जन्मभराचं ऋण होत असताना, मी त्याच्यावर पूर्वी कधी जळलो नव्हतो इतका जळलो.

त्याने संध्याकाळी अण्णांना सांगितलं. दोघं बराच वेळ ओसरीवर बोलत होते. मी आत काकूजवळ बसून राहिलो. मग अण्णांनी जेवायला हाक मारली. आम्ही दोघं नेहमीच्या जागी बसलो. अण्णांनी दुधाचं भांडं पुढे ओढलं, साय बोटाने गोळा केली आणि माझ्याकडे न बघता ती माझ्या वाटीत घातली. आधी माझ्या. त्यांचं बोट क्षणभर माझ्या वाटीच्या काठावर थांबलं.

मग उरलेली त्यांनी त्याच्या वाटीत घातली. किती पडली ते मी ओझरती नजर टाकून बघून घेतलं.